लायसन्स कपाटात ठेवायला नको गं

अठरा पूर्ण झाली ना तुला, मग आता पहिलं काम लायसन्सचं. मतदार यादीत नाव, बँकेतलं खातं, ते होईल मागाहून. आणि आधीच सांगते, हे काम दादावर किंवा बाबांच्या ओळखीतल्या एजंटवर टाकायचं नाही. अर्ज तू भरायचा, परीक्षा तू द्यायची आणि गाडीही तूच चालवायची. हे शेवटचं वेगळं कशाला सांगायला हवं, असं वाटत असेल तर आपल्याच घरातल्या बायका डोळ्यांसमोर आण.

काकूकडे लायसन्स आहे. वहिनीकडे आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशींकडे तर चारचाकीचंसुद्धा आहे. ते असतं कुठे? कपाटात पासबुकांच्या चळतीत, नाहीतर पर्सच्या आतल्या कप्प्यात, विमानतळावर ओळखपत्र म्हणून दाखवायला. गाडी दारात उभी, किल्ली खिळ्याला टांगलेली, आणि काकू भर उन्हात रिक्षाला हात करतेय. विचारलं की म्हणते, "सवय गेली गं." सवय गेली कसली, ती लागलीच नव्हती. फॉर्म एजंटनं भरला, शिकताना निम्मी गाडी मास्तरांच्या पायानं चालली, आणि कार्ड घरी आल्यावर काकांनी किल्ली काही सोडली नाही. तुझं असं व्हायला नको, म्हणून एवढं सविस्तर सांगत बसलेय.

तुझ्या मैत्रिणी अकरावीपासून स्कूटर उडवतात, त्यातल्या एकीकडे म्हणे कार्डही आहे. असेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ते बिनगियरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरतं. बाबांच्या कॉलेजच्या दिवसांत लुना होत्या, तेव्हा त्या कलमाला अर्थ होता. आज शोरूममधली साधी स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीची असते. म्हणजे त्या कार्डावर ती स्कूटर चालवणं आणि कार्डच नसणं, पोलिसांच्या लेखी सारखंच. बॅटरीवरच्या गाड्यांबद्दलही असाच घोळ आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या मोटरच्या गाडीला लायसन्स लागत नाही, हे खरं. बाकी सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटरना लागतं. "इलेक्ट्रिक आहे, चालतं" असं कुणी म्हणालं तर आधी गाडीला नंबरप्लेट आहे का बघ. असेल तर लायसन्स हवंच.

आणि उद्या तुझी गाडी झाली की आत्याचा पंधरा वर्षांचा लेक "एकच चक्कर, ताई" म्हणत मागे लागणार आहे. नाही म्हणजे नाही. २०१९ ला कायदा बदलला तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. मालक म्हणून नाव तुझं असेल, हे लक्षात ठेव.

आता कामाचं. अर्ज सारथी नावाच्या सरकारी पोर्टलवर करायचा. पत्ता नीट बघून टाइप कर, शेवटी परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन हवं. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइटी ढीगभर आहेत आणि त्या फुकटच्या कामाचे पैसे उकळतात. महाराष्ट्र निवडलंस की दोन वाटा दिसतील. एक आधारवरून, म्हणजे घरबसल्या. आपल्याकडे हे २०२१ च्या जूनपासून सुरू झालं. दुसरी वाट आरटीओत जाऊन कागद दाखवायची आणि तिथल्या संगणकावर परीक्षा द्यायची. आधारला तुझाच मोबाइल जोडलेला असेल तर पहिली वाट धर. बाबांचा नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदलून घे, नाहीतर प्रत्येक ओटीपीला बाबांना ऑफिसात फोन करत बसशील, आणि ते चष्मा शोधेपर्यंत ओटीपी संपलेला असेल.

आधारच्या वाटेनं गेलीस की नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो सगळं तिथूनच उचललं जातं. हो, फोटोसुद्धा. आठवीत काढलेला, दोन वेण्यांचा, डोळे अर्धे मिटलेला. तेवढा चालवून घेता येईल, पण नाव चालवून घेऊ नकोस. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर बाबांचं नाव तोडून लिहिलेलं, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी, हे प्रकार आपल्याकडे घरोघरी आहेत. ते लायसन्सच्या आधी निस्तर. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे तुझं बावीस वर्षं चालणार. तोवर पासपोर्ट, नोकरी, घरभाड्याचा करार, सगळीकडे हे कार्ड पुढे करशील, आणि एका अक्षराच्या फरकासाठी प्रत्येक खिडकीवर हुज्जत घालावी लागेल. लग्नाचं म्हणशील तर तेही सांगते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललंस तर कार्डावर बदलून मिळतं, नाही बदललंस तर आहे तेच चालतं. ठरव तुझं तू.

पत्ता मात्र असा दे जिथे दार उघडायला कुणीतरी असतं. पक्कं कार्ड टपालानं येतं. आधारवर गावचा पत्ता आहे, गावच्या घराला कुलूप आहे आणि तू इथे होस्टेलवर आहेस, असं असेल तर आधी पत्त्याचं बघ.

फॉर्ममध्ये गाडीचा प्रकार विचारतात, तिथे माझं ऐक. बहुतेक मुली 'बिनगियरची दुचाकी' एवढंच टिक करतात, कारण घरात स्कूटर आहे. तू गियरची मोटारसायकल आणि हलकं मोटार वाहन, म्हणजे चारचाकी, असे दोन्ही प्रकार एकदमच टाक. गियरच्या लायसन्सवर स्कूटर चालते, उलटं चालत नाही. आणि चारचाकी "नंतर बघू" म्हटलं की ती राहतेच. शुल्क फार नाही. लर्निंगला प्रत्येक प्रकारामागे १५० रुपये, वर परीक्षेचे ५०. पक्क्याच्या चाचणीला प्रत्येक प्रकारामागे ३०० आणि कार्डाचे २००. वरचे किरकोळ आकार धरून दोन्ही प्रकारांचं मिळून बाराशेच्या आतबाहेर काम होतं. आरटीओबाहेर छत्रीखाली बसलेला माणूस याच कामाचा किती आकडा सांगतो ते एकदा गंमत म्हणून विचारून बघ.

तिथेच तब्येतीचं स्वयंघोषणापत्र असतं. फिट येतात का, चक्कर येऊन शुद्ध हरपते का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का. सगळे भराभर टिका मारतात. तू वाचून मार. त्यात एक प्रश्न असतो, स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा लावून चालतं. आपल्या गल्लीत तेवढं अंतर मागे जा आणि उभ्या गाडीचा नंबर वाचून बघ. वाचता येत नसेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आरटीओ नंतर. आईलाही तुझ्याबरोबर अर्ज करायचा आहे म्हणे, फारच छान! पण तिची चाळिशी उलटली आहे, तेव्हा तिला डॉक्टरांचा दाखला लागेल, नमुना १-अ म्हणतात त्याला. रक्तगट विचारतात तोही अंदाजानं टाकू नकोस, कार्डावर छापून येतो. आणि मृत्यूनंतर अवयवदान करणार का, असाही एक रकाना आहे. त्यावर मी काही सांगणार नाही, फक्त घाईत सोडून देऊ नकोस.

लर्निंगची परीक्षा अवघड नाही. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो, मग प्रश्न येतात, प्रत्येकाला घड्याळ लावलेलं. साठ टक्के बरोबर आले की पास. मराठीत देता येते. निम्मे प्रश्न तर चिन्हांचेच. लाल गोल म्हणजे हुकूम, लाल काठाचा त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना, निळा चौकोन म्हणजे माहिती, एवढं डोक्यात बसलं की बाकीचं ओळखता येतं. बाकी प्रश्न रोजच्या रस्त्यातले. घाटात चढणारी गाडी आधी की उतरणारी? चढणारी. दुसरी गाडी तुला ओलांडून जात असेल तर वेग वाढवायचा का? अजिबात नाही. ही परीक्षा "आम्हीच देऊन टाकतो, ताई" म्हणणारे एजंट आहेत. तुझ्या आधारवर, तुझ्या ओटीपीवर दुसरं कुणीतरी परीक्षा देतंय, म्हणजे फसवणुकीत तूही आलीस. अभ्यास एका संध्याकाळचा आहे.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. सगळ्यांना तो एकतिसावा दिवस गाठायची घाई. मी म्हणते, चाचणी कधीही दे, पण मधले महिने वाया घालवू नकोस. लर्निंग हातात आलं म्हणजे एकटीनं गाडी काढायची मुभा मिळाली असं नाही. चारचाकीत शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं, वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असं. पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, आणि तो चिमुकला नाही, निदान १८ सेंटिमीटरचा चौकोन. दुचाकीवर मागे मैत्रिणीला बसवायचं नाही. हे नियम मोडून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी, आणि भरपाई बाबांच्या खिशातून.

शेजारी कुणाला बसवायचं ते मात्र विचार करून ठरव. बाबांना नको. माणूस सोन्यासारखा, पण समोर कुत्रं दिसलं तरी "ब्रेक! ब्रेक!" करून ओरडतात, आणि त्यांच्या ओरडण्यानंच आपला पाय चुकतो. मामाला घे. मामा झोपाळू आहे, तोच त्याचा गुण.

ड्रायव्हिंग स्कूल लावच. नियमानं चारचाकीचा वर्ग निदान एकवीस दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं दहा तासांचं हवं. म्हणजे रोजचा अर्धा तास तुझा हक्काचा आहे. तो पूर्ण घे. सकाळच्या बॅचला तिघी-चौघींना एकाच गाडीत कोंबतात आणि तुझ्या अर्ध्या तासाची दहा मिनिटं होतात, तिथे तोंड उघड. दुसरं, मास्तरांच्या बाजूला क्लच आणि ब्रेक असतात. गाडी बंद पडू नये म्हणून ते हळूच क्लच दाबतात आणि तुला वाटतं, जमलं की मला! पहिल्या आठवड्यानंतर स्पष्ट सांग, "सर, पाय वर घ्या. बंद पडली तर पडू दे." पडेल. चौकात पडेल, मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हँडब्रेक ओढ, न्यूट्रल कर, सावकाश चालू कर. टेम्पोवालाही कधीतरी शिकला असेलच ना.

सगळ्यात जास्त वेळ चढावर घालव, कारण बायकांची गाडी चालवणं सुटतं ते इथे. उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं, मागे बंपरला चिकटून रिक्षा, आणि आता गाडी मागे घरंगळणार या भीतीनं घाम फुटतो. त्यावर एकच उपाय, रिकाम्या चढावर पुन्हा पुन्हा करणं. हँडब्रेक ओढलेला, पहिला गियर. क्लच सोडत आण, अगदी हळू. एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटेल. तिथेच पाय थांबव. उजव्या पायानं थोडा ॲक्सिलरेटर दे, मग हँडब्रेक सोड. गाडी जागची हलणार नाही, नाहीतर पुढेच जाईल. ती जागा प्रत्येक गाडीची वेगळी असते, म्हणून स्कूलच्या गाडीवर शिकलीस तरी घरच्या गाडीवर ती पुन्हा शोधावी लागते. घरच्या गाडीवर, म्हटलं मी. स्कूलचे एकवीस दिवस संपले की बाविसाव्या दिवशी मामाला शेजारी बसवून घरची गाडी बाहेर काढायची. तो दिवस चुकला की महिना जातो, महिना गेला की वर्ष.

चाचणीची वेळ ऑनलाइनच घ्यायची. जवळच्या तारखा पटापट भरतात, म्हणून लर्निंग संपायच्या तोंडावर जाऊ नकोस. दुचाकीला बहुतेक ठिकाणी आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला की गेलं. पोरी काय करतात, पुढच्या चाकाकडे बघतात. चाकाकडे बघितलंस तर गाडी हमखास डुगडुगते. वळायचंय तिकडे मान फिरव, गाडी आपोआप येते. पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, क्लच अर्धा धरून ठेव, मागचा ब्रेक नुसता टेकलेला. हेल्मेट घालूनच सराव कर, स्कार्फवर हेल्मेट आधी घट्ट बसतंय का तेही बघ. आणि त्या दिवशी मोजड्या-बिजड्या नकोत, बंद बूट घाल.

पुण्याहून देणार असशील तर चारचाकीची चाचणी भोसरीच्या ट्रॅकवर असते. तिथे उलटी गाडी घेणं, चढावर थांबून निघणं, सगळं नीट रेषांमध्ये करावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी अजून मोटार वाहन निरीक्षक शेजारी बसतात आणि रस्त्यावर थोडी चालवायला लावतात. त्यांना तुझा वेग बघायचा नसतो. बसल्याबसल्या आरसा नीट केलास का, पट्टा लावलास का, निघताना सिग्नल देऊन उजवीकडे बघितलंस का, तेवढ्यावरच निम्मं मत झालेलं असतं. हाताचे इशारेही विचारतात, पाठ करून जा. नापास झालीस तर आकाश कोसळत नाही, सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा गेली तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. आणि बाहेर उभा असलेला कुणी "साहेबांना सांगून ठेवतो" म्हणाला, तर नमस्कार कर आणि पुढे चल.

कार्ड आलं की डिजिलॉकरवर उतरवून घे. पोलिसांनी अडवलं तर त्यावरचं लायसन्स मूळ कागदासारखंच मानतात, मोबाइलमधला नुसता फोटो मानत नाहीत. विनालायसन्स सापडलं तर कायद्यात ५,००० रुपये दंड आहे. पुढे परदेशी शिकायला गेलीस तर याच कार्डावर वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, हजार रुपयांत. ते पुढचं पुढे.

घरच्या किल्लीचं मात्र आत्ताच बोलून घे. कार्ड यायच्या आधी, जेवणाच्या टेबलावर, सगळे असताना. आठवड्यातले दोन दिवस गाडी तुझी. भाजी आण, आजीला दवाखान्यात ने, स्टेशनवर कुणाला सोडून ये, काहीही, पण तू चालवायची आणि शेजारी बसणाऱ्यानं गप्प बसायचं. पहिला ओरखडा तुझ्याच हातून पडणार आहे, तेही आधीच सांगून टाक म्हणजे नंतर कोर्ट भरणार नाही. दादानं पाडलेले ओरखडे कुणी मोजलेत का कधी?

आज रात्री एवढंच कर. आधारवरचं नाव आणि मोबाइल तपासून ठेव, दादाची मोटारसायकल चाचणीला न्यायची असेल तर तिचं आरसी, विमा आणि पीयूसी बाहेर काढ. पीयूसीची तारीख नक्की उलटलेली असणार, मी ओळखते त्याला. उद्या क्लासला जाताना पंपावर काढून घ्यायला सांग, पैसे त्याच्याकडूनच घे.